बॉयलरवाले अप्पा

आज अप्पांना नव्वदावं लागलं. रत्नागिरीकडचा हा मुलगा नौदलात शिरला आणि पुढे 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलररूममध्ये पोचला. 1971 च्या युद्धात जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले. तरी 4 डिसेंबरला जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. लोकांनी कौतुक केलं ते वैमानिकांचं. अप्पा खाली, वाफेच्या काट्यावर नजर ठेवून, घामानं निथळत उभे.

बॉयलरांच्या घरघरीनं अप्पांचे कान गेले. आई काहीही पुटपुटली तरी ते "बरं" म्हणतात. संसार त्यामुळेच टिकला, असं आईच म्हणते. खरं तर टिकवला तिनं. अप्पांची मनीऑर्डर यायची; आजारपणं, शाळा, गळकं छप्पर सगळं तिच्या वाट्याला. पेन्शनीत निघाल्यावर अप्पांनी तिच्या हातातली बाजाराची पिशवी घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही. भाजी, दळण, वीजबिल त्यांच्याकडे. चादरीची घडीही कोपऱ्याला कोपरा जुळवूनच.

कुणी बघो न बघो, वाट्याचं काम नेटानं करायचं, ही त्यांची रीत. शौर्याचे दिवस मोजके असतात. बाकीचं लांबलचक आयुष्य माणूस अशा नेटावरच काढतो, असं मला हल्ली वाटतं.