वगळलेला आलेख

इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची कॅप्सूल उघडली तर आत पूड नसते, बारीक गोल दाणे असतात. दाण्याच्या मध्ये साखरेचा मणी आणि त्यावर औषध व एचपीएमसी नावाचं पॉलिमर यांचा एकजीव थर. स्फटिकरूपातलं हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून त्याच्या रेणूंची शिस्त मोडायची, ते अस्फटिक करायचं, आणि पुन्हा रांगेत उभं राहू नये म्हणून पॉलिमरमध्ये अडकवून ठेवायचं. तान्ह्या पोळ्याच्या बाजारातले ‘बुढ्ढी के बाल’ म्हणजे अशीच अस्फटिक साखर. जिभेवर ठेवताच विरघळते आणि पावसाळी हवेत बघता बघता चिकट, दाणेदार होते.

माझा एम.फार्म.चा प्रबंध याच विषयावरचा. तरीही पुढे चंद्रपुरात औषधाचं दुकान टाकल्यावर हेच औषध मी कितीतरी वर्षं चुकीचं विकलं.

सुरुवात प्रयोगशाळेतच झाली होती. मी तयार केलेला नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला आणि विरघळण्याचा आलेख झकास वर चढला. चढणारच होता, इट्राकोनाझोल दुर्बल आम्लारी आहे, ते आम्लातच काय ते विरघळतं. मग दुसऱ्या चंचुपात्रात, पीएच ६.८ च्या द्रावणात टाकला, तर थोड्या वेळात गाळ होऊन तळाशी बसला. हा दुसरा आलेख मी प्रबंधात घातलाच नाही. पोट आम्लधर्मीच असतं की, अशी स्वतःची समजूत घातली. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. नमुने वातानुकूलित खोलीत, कोरड्या बाटलीत ठेवून ‘टिकाऊ’ असंही लिहून मोकळा झालो.

दुकान सुरू झालं आणि पुढे नायट्याची साथ वाढत गेली. देशभर जुन्या मलमांना, टर्बिनाफिनलाही दाद न देणारी ही बुरशी. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. आमच्याकडे धानाच्या रोवणीत दिवसभर ओल्या कपड्यांत वाकून काम करणारी माणसं मूल-सिंदेवाहीकडून, गडचिरोलीच्या बाजूनंही येत. चिठ्ठीवर इट्राकोनाझोल आणि जोडीला, सवयीनं, पॅन्टोप्राझोल ही गॅसची गोळी. नसलं तर मीच सुचवायचो. पॅन्टोप्राझोल उपाशीपोटी घ्यायचं असतं म्हणून दोन्हींच्या पाकिटावर एकच मजकूर लिहायचो, ‘सकाळी उपाशी’. ही कॅप्सूल भरपेट जेवणाबरोबर घ्यायची असते, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेपुरतं.

“भाऊ, गोया खाऊन राहिलो न, तरी उतरतच नाही,” असं कुणी म्हणालं की माझं ठरलेलं प्रवचन : कपडे उन्हात वाळवा, घरच्यांचेही वेगळे धुवा, कोर्स अर्धवट सोडू नका. सल्ला खोटा नव्हता, पण दोष गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलायला फार सोयीचा होता. एकदा असाच एक जण चिडून म्हणाला, शेजाऱ्यानं हेच औषध, याच कंपनीचं घेतलं, तो बरा झाला. शेजाऱ्याची चिठ्ठीही त्यानं काउंटरवर आपटली. फरक एवढाच होता, त्यात गॅसची गोळी नव्हती.

पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं. म्हणजे मी वगळलेल्या त्या चंचुपात्राच्या दिशेनं लोकांची पोटं नेत होतो, वर त्याचे पैसे घेत होतो.

माळ्याची गोष्ट त्यानंतर सुचली. जास्तीचा माल पत्र्याखालच्या माळ्यावर असायचा. औषध किती टिकेल हे लवकर कळावं म्हणून कंपन्या ते ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बघतात. चंद्रपूरचा मे ४५ च्या पुढे, पत्र्याखाली त्याहून वाईट. निव्वळ अस्फटिक इट्राकोनाझोल ५९ अंशांच्या आसपास काचेचा कडकपणा सोडतं. पॉलिमर ही मर्यादा वर नेतं, ओलावा खाली ओढतो, आणि तिच्या जवळ जाऊ लागलं तरी रेणूंची चुळबुळ वाढते. मी शहाणपणानं सगळे खोके खाली, कूलरसमोर आणले. उष्णता गेली, ओलावा आला! विदर्भात जन्म काढूनही हे लक्षात आलं नाही. शेवटी एसी बसवला.

असं बिघडलेलं औषध बघून ओळखता येत नाही. रेणू तोच, रंग तोच, मोजलं तर १०० मिलिग्रॅम पूर्ण भरतं. फक्त विरघळत नाही. त्यातून दाण्यांची संख्या आणि आकार ब्रँडागणिक वेगळे, हे त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलंय. मी मात्र ब्रँड निवडताना मार्जिन बघायचो.

आता डॉक्टरांना फोन करतो. काहींनी गॅसची गोळी बंद केली, एक जण म्हणाले, “तुम्ही औषध द्या, पोट आम्ही बघतो.” ज्यांना ती गोळी सोडणं शक्य नाही त्यांच्यासाठी ६५ मिलिग्रॅमचं नवं ‘सुबा’ रूप आहे, त्याच्या पॉलिमरमुळे ते आम्लावर आणि जेवणावर कमी विसंबून असतं. किंमत ऐकून बरेच जण नको म्हणतात, तेव्हा निदान जेवणानंतर घ्या एवढं तरी बजावतो. अजूनही अधूनमधून कुणी जुनं पाकीट घेऊन येतं, “हेच द्या” म्हणतं. त्यावर माझ्याच अक्षरात ‘सकाळी उपाशी’ असतं. ते खोडून द्यावं लागतं, आणि का खोडलं तेही सांगावं लागतं.