दोरी आणि डिस्प्ले

वादळ आलं की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घेतात. पण खाडीच्या तोंडाशी गाळ! खोलीचा अंदाज मीटरभर चुकला, तर बोट रुतलीच. म्हणून मामाच्या बोटीला डेप्थ फाइंडर बसवताना मी सुट्टी टाकून हजर.

आवाज तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून हे यंत्र खोली सांगतं. मध्ये बुडबुडे आले की आकडे बरळतात. म्हणून सेन्सर पंख्यापासून लांब, बोटीच्या बुडाच्या किंचित खाली, तोंड सरळ तळाकडे.

मग मामाने शिसं बांधलेली दोरी सोडली. दोरी म्हणाली ९ मीटर, स्क्रीन ८. साहजिकच! सेन्सरच पाण्याखाली १ मीटर. तेवढं सेटिंगमध्ये मिळवलं, आकडे जुळले.

दोरी मात्र मामाने बोटीतच ठेवली. बॉस, बॅकअप याला म्हणतात!