एकाच माळेचे मणी?

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात एक निवृत्त हिशेबनीस आहेत. जन्मभर पै-पैचा हिशेब वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेला माणूस; पण कुठे बॉम्ब फुटल्याची बातमी आली की सारी नावे एकाच रकान्यात टाकून मोकळा होतो. "अहो, इखवान काय आणि अल् कायदा काय, एकाच माळेचे मणी!" मला मात्र अशा वेळी हटकून सय्यद कुत्ब आठवतो.

हा कुत्ब मूळचा कवी आणि टीकाकार. १९४०च्या दशकात कैरोत नजीब महफूझ नावाचा एक सरकारी नोकर कादंबऱ्या लिहीत होता. फारसे कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, तेव्हा ज्या मोजक्या टीकाकारांनी त्याचे मनापासून कौतुक केले, त्यांत कुत्ब होता. पुढे हाच रसिक इखवानमध्ये, म्हणजे मुस्लिम ब्रदरहुडमध्ये, गेला.

ती संघटना १९२८ साली हसन अल्-बन्ना या शाळामास्तराने काढली, तीही इस्माइलियात, सुएझ कालव्याच्या कंपनीच्या गावात. गोऱ्यांचे टुमदार बंगले एकीकडे, मजुरांच्या खोल्या दुसरीकडे. मशिदी, शाळा, दवाखाने असा तिचा संसार वाढला. त्याच संसारात एक गुप्त सशस्त्र शाखाही होती, हे झाकून कसे चालेल? डिसेंबर १९४८ मध्ये इखवानच्या एका तरुणाने पंतप्रधान नुक्राशींना ठार केले. बन्नांनी खुनाचा धिक्कार केला. पण दीड महिन्यातच तेही गोळीला बळी पडले.

१९५४ मध्ये नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इखवानची हजारो माणसे गजाआड गेली. कुत्बही त्यांत होता. त्या तुरुंगांत अनन्वित छळ झाला. तिथे त्याने लिहिले की, देवाचा कायदा न मानणारे राज्य, नावाने ते मुसलमानांचे का असेना, अज्ञानयुगातलेच. ते उलथलेच पाहिजे. १९६६ मध्ये त्याला फाशी दिले. छळानेच माणूस असा झाला, असे सांगतात. मला ते पुरते पटत नाही. कारण इखवानचे प्रमुख हसन अल्-हुदैबी हेही नासरच्याच तुरुंगात होते, आणि त्यांच्या नावाने पुढे जे पुस्तक निघाले त्याचे नावच मुळी 'धर्मोपदेशक, न्यायाधीश नव्हे' असे आहे! दुसऱ्याला काफर ठरवणारे आपण कोण, हा त्याचा रोख. कैद तीच, निघालेली उत्तरे दोन.

तिथून वाटा फुटल्या. इखवान निवडणुकांकडे वळली. 'जिहाद' गटाने ६ ऑक्टोबर १९८१ रोजी भर संचलनात सादात यांचा खून केला. त्या खटल्यातला एक आरोपी शल्यविशारद अयमान अल्-जवाहिरी. तो पुढे अल् कायदाचा म्होरक्या झाला. त्याने इखवानवर अख्खे पुस्तक लिहून आग पाखडली. गुन्हा काय? तर त्यांनी निवडणुका लढवल्या! 'गमाआ इस्लामिया'चे तर आणखीच विचित्र. तुरुंगातल्या तिच्या पुढाऱ्यांनी जुलै १९९७ मध्ये शस्त्रसंधी जाहीर केली, आणि नोव्हेंबरात तिच्याच माणसांनी लक्सरच्या मंदिरात ६२ जीव घेतले. पुढे त्या पुढाऱ्यांनी स्वतःचीच जुनी मते खोडणारी पुस्तके लिहिली. २०१३ मध्ये लष्कराने इखवानचे अध्यक्ष मोर्सी यांना हटवले, तेव्हा सलफींचा नूर पक्ष लष्कराच्या बाजूला उभा होता.

मतपेटी मानणारा म्हणजे सोज्वळ, असे मी म्हणत नाही. स्त्रीने किंवा ख्रिश्चनाने राष्ट्राध्यक्ष होऊ नये, असे इखवानच्या २००७च्या मसुद्यात होते. अशा राज्यात मला माझी मुलगी नांदवायची नाही. पण सुरा चालवणारा आणि मत मागणारा यांना एकाच रकान्यात टाकले, तर सुरेवाल्यालाच आयते शिपाई मिळतात, एवढे हिशेबनिसांना कळायला हरकत नसावी.

आणि महफूझ? १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९५९च्या त्यांच्या एका कादंबरीवर धर्मनिंदेचा शिक्का बसला होताच. ऑक्टोबर १९९४ मध्ये, घराबाहेर मोटारीत बसलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याच्या मानेत एका तरुणाने सुरा खुपसला. त्याने ती कादंबरी वाचलेलीसुद्धा नव्हती. महफूझ वाचले, पण उजवा हात अधू झाला. रोज थोडा वेळ अक्षर गिरवण्याचा सराव करत ते पुन्हा लिहू लागले. शेवटच्या वर्षांत त्यांनी लिहिली ती स्वप्ने. काही तर चारच ओळींची.