पैकीच्या पैकी आणि शून्य

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला सी लँग्वेज शिकवतो. सबमिशनच्या आठवड्यात टेबलावर जर्नलांचा ढीग लागायचा. 80 मुलं, प्रत्येकाचे 10 प्रोग्राम. विसाव्या जर्नलनंतर डोळे फक्त पान भरलंय का तेवढं बघायचे आणि हात सही ठोकायचा.

मग तपासायचं काम मशीनला दिलं. कल्पना जुनीच. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधल्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी 1960 सालीच, पंच कार्डांच्या जमान्यात, मुलांचे प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दल लिहिलं होतं. माझी स्क्रिप्टही तेच करते: ठरलेले इनपुट देते, आलेलं उत्तर ताडून बघते. चहा निवायच्या आत अख्ख्या वर्गाचा निकाल.

पहिलाच प्रोग्राम लीप वर्षाचा होता. एकाला पैकीच्या पैकी. कोड उघडला, तर त्यात भागाकारच नाही! सरावाला दिलेली 10 वर्षंच मी तपासायलाही वापरली होती. पठ्ठ्यानं ती एकाखाली एक इफ लावून लिहून काढली होती. "2028 टाकून बघ," म्हटलं. उत्तर आलं, 'नाही'. त्यानं मान खाली घातली. आळस दोघांचाही होता.

एका मुलीला शून्य. तिचा कोड मात्र चोख: 4 नं भाग, 100 चा अपवाद, त्यालाही 400 चा अपवाद. 1900 सुद्धा बरोबर. फक्त सुरुवातीला तिनं एक ओळ छापली होती, 'वर्ष टाका'. स्क्रिप्टला नुसतं 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण सर, मग वापरणाऱ्याला कळणार कसं, काय टाकायचं ते?"

निफाडकडच्या पॅकहाउसात द्राक्षाची पेटी काट्यावर तोलतात, पण घडातला नासका मणी बायका कात्रीनं, नजरेनंच काढतात. आता माझंही तसंच. 10 पैकी 6 गुण मशीनचे, तपासायची वर्षं दर बॅचला वेगळी. उरलेले 4 माझे, समोर बसवून विचारलेल्या एका प्रश्नाचे: "ही ओळ काढली तर काय होईल?" आणि कोड वाचायला घेतो तो दोन टोकांकडून, आधी शून्यवाले, मग पैकीच्या पैकीवाले.

त्या मुलीनं प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी स्क्रिप्टही बदलली. आता ती आउटपुटची फक्त शेवटची ओळ वाचते. 'वर्ष टाका' ही ओळ मी पुढच्या बॅचपासून सक्तीची केली.