‘उप’ म्हणजे कोण? ३० जून २०२२ ची एक संध्याकाळ आणि दुसऱ्या खुर्चीचा इतिहास

१/
३० जून २०२२, गुरुवार. देवेंद्र फडणवीस यांनी राजभवनातील पत्रकार परिषदेत जाहीर केले की एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होतील आणि आपण स्वतः सरकारबाहेर राहू. नेरुळमधील एका घरात टीव्हीसमोर बसलेल्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मंत्रालयात ३५ वर्षे लिपिकापासून कक्ष अधिकाऱ्यापर्यंत नोकरी करून ते २०१२ मध्ये निवृत्त झाले होते. राजकारणातील धक्क्यांची त्यांना सवय होती. हा धक्का मात्र त्यांनाही नवा होता.

२/
काही तासांतच दुसरा धक्का बसला. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष जे. पी. नड्डा यांनी फडणवीसांनी उपमुख्यमंत्रिपद स्वीकारावे असे जाहीरपणे सांगितले आणि संध्याकाळी दोघांचा शपथविधी झाला. २०१४ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे मुख्यमंत्री राहिलेला नेता, ज्याच्या पक्षाचे २०१९ मध्ये १०५ आमदार निवडून आले होते, तो चाळीसच्या आसपास आमदार घेऊन आलेल्या सहकाऱ्याच्या हाताखाली उभा राहिला.

३/
अभियांत्रिकी शिकणारी नात नुकतीच महाविद्यालयातून आली होती. गळ्यातले ओळखपत्रही अजून निघाले नव्हते. तिने विचारले, “आजोबा, म्हणजे त्यांना खाली उतरवलं का?” त्या संध्याकाळी महाराष्ट्रातील घराघरांत हाच प्रश्न विचारला जात होता. कोणी त्याला अपमान म्हटले, कोणी त्याग, कोणी डावपेच. आजोबांच्या मनात मात्र वेगळीच काळजी होती. तिच्याकडे येण्याआधी ‘उप’ या शब्दाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

४/
दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीने सर्वाधिक खळबळ उडते ती अमेरिकेत. तेथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीचा उपाध्यक्ष निवडतो. आरंभी ही पद्धत नव्हती. ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते पडतील तो उपाध्यक्ष होई. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष! हा घोळ १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने मिटला आणि दोन्ही पदांसाठी वेगवेगळी मते देण्याची पद्धत आली.

५/
पुढे ही निवड म्हणजे एक संदेश ठरू लागली. यादवी युद्ध चालू असताना १८६४ मध्ये लिंकन यांच्या जोडीला अँड्र्यू जॉन्सन हे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे दक्षिणी नेते आले. उद्देश एकच होता : युद्धाच्या बाजूचे डेमोक्रॅट सोबत घेणे. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी देशाला फारशा परिचित नसलेल्या अलास्काच्या राज्यपाल सारा पेलिन यांना निवडून सर्वांना चकित केले. अशा निवडीत उमेदवार ‘माझ्याकडे काय कमी आहे’ तेच एका परीने सांगत असतो.

६/
पण मतदार ज्या निवडीकडे संदेश म्हणून पाहतो, ती प्रत्यक्षात जबाबदारी असते. लिंकन यांच्या दुसऱ्या कार्यकाळाला जेमतेम सहा आठवडे झाले असताना, एप्रिल १८६५ मध्ये त्यांची हत्या झाली. निवडणुकीच्या सोयीसाठी घेतलेले जॉन्सन युद्धोत्तर राष्ट्राचे प्रमुख झाले. राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे त्या खुर्चीवर बसलेले उपाध्यक्ष आजवर आठ आहेत.

७/
भारतात अशी जोडी नसते. राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात. उपराष्ट्रपतींची फक्त संसदेचे सदस्य. दोन निवडणुका स्वतंत्र, दोन उमेदवार स्वतंत्र. तरी उपराष्ट्रपतिपद राज्यघटनेत लिहिलेले आहे : अनुच्छेद ६३ मध्ये पद, ६४ मध्ये राज्यसभेचे सभापतित्व, ६५ मध्ये राष्ट्रपतींच्या अनुपस्थितीतील कर्तव्य. मे १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी याच तरतुदीने कार्यभार सांभाळला.

८/
उपमुख्यमंत्री मात्र राज्यघटनेत कोठेही नाही. अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री आहे आणि ‘इतर मंत्री’ आहेत. देवीलाल यांनी १९८९ मध्ये उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली तेव्हा तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती शपथ वैध ठरवली, कारण कायद्याच्या दृष्टीने ते मंत्रीच होते. ‘उपपंतप्रधान’ हे केवळ वर्णन. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांविषयीच्या याचिकेतही न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

९/
याच देवीलाल यांची कथा ३० जूनच्या संध्याकाळी अनेक जुन्या लोकांना आठवली असेल. १ डिसेंबर १९८९ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात नेतेपदी देवीलाल यांचे नाव पुकारले गेले आणि त्यांची निवड झाली. लगेच उठून त्यांनी ते पद नाकारले आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांचे नाव सुचवले. चंद्रशेखर यांना याची कल्पना नव्हती. पहिली खुर्ची देणारा दुसरीवर बसला. आठ महिन्यांनी, १ ऑगस्ट १९९० रोजी, त्याच पंतप्रधानांनी त्यांना मंत्रिमंडळातून दूर केले.

१०/
महाराष्ट्रात हे पद प्रथम आले १९७८ मध्ये. त्या वर्षीच्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. राज्यातील ही पहिलीच अशी जोडी, आणि तीही मनाविरुद्ध जुळवलेली.

११/
नेरुळचे हे गृहस्थ तेव्हा २४ वर्षांचे, नोकरीत जेमतेम वर्षभराचे लिपिक. त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना एक गोष्ट शिकवली होती : फाइलवर सर्वांत मोठी सही कोणाची आहे हे पाहू नये; कोणाच्या सहीवाचून ती अडते, ते पाहावे. ते सरकार चार महिने टिकले. शरद पवार आपल्या सहकारी आमदारांसह बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुलोदचे मुख्यमंत्री झाले. सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री.

१२/
त्याच पुलोद मंत्रिमंडळात शंकरराव चव्हाण अर्थमंत्री होते, म्हणजे माजी मुख्यमंत्री एका तरुण मुख्यमंत्र्याच्या हाताखाली. पुढे नारायण राणे, शिवाजीराव पाटील निलंगेकर, अशोक चव्हाण हेही मुख्यमंत्रिपद भोगून नंतर मंत्री झाले. म्हणून आजोबांनी नातीला पहिले उत्तर दिले : “सरकारी नोकरीत ही पदावनती ठरली असती, तिथे ती शिक्षा असते. मंत्रिमंडळात तसं नसतं. यात नवल एवढंच, की मोठा पक्ष दुसऱ्या खुर्चीवर बसला.”

१३/
एरवी दुसरी खुर्ची धाकट्या भागीदाराची. १९९५ मध्ये शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, तर भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. १९९९ मध्ये काँग्रेसचे विलासराव देशमुख आणि राष्ट्रवादीचे छगन भुजबळ. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी फडणवीसांसोबत शपथ घेतलेल्या अजित पवारांनी २६ तारखेलाच पद सोडले आणि ते सरकार कोसळले. दुसऱ्याच्या जाण्याने पहिलाही जातो, हे महाराष्ट्राने तीन दिवसांत पाहिले.

१४/
आता आजोबांच्या खऱ्या काळजीकडे. त्यांचे मूळ घर पनवेल तालुक्यातले, शेती सिडकोच्या संपादनात गेलेली. या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ती या लढ्यातून. त्या दोन दिवसांत धाकटा भाऊ आंदोलनात होता आणि थोरला मंत्रालयात टेबलावर. घरात त्याविषयी फार बोलणे होत नसे.

१५/
२०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव सिडकोने मंजूर केला. भूमिपुत्रांची मागणी दि. बां.च्या नावाची होती. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर हजारो लोक चालून गेले. दोन्ही भाऊ त्या दिवशी प्रथमच एकत्र गेले. तेव्हा नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे होते.

१६/
२९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत औरंगाबाद, उस्मानाबाद यांच्या नामांतरासोबत विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. जिंकल्याचा आनंद एक रात्रही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांना पहिला कोण आणि दुसरा कोण यापेक्षा, कालचा निर्णय राहणार की जाणार, हे जाणून घ्यायचे होते.

१७/
भीती निराधार नव्हती. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितल्यानंतर घेतलेले ते निर्णय वैध नाहीत, असे नव्या सरकारने म्हटले. निर्णय पुन्हा घ्यावा लागणार होता, आणि तो घेणारे मंत्रिमंडळ केवळ दोन जणांचे होते. ३० जून ते ९ ऑगस्ट असे चाळीस दिवस महाराष्ट्रात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांच्याशिवाय एकही मंत्री नव्हता.

१८/
१६ जुलै २०२२ रोजी या दोघांच्या मंत्रिमंडळाने तीनही नामांतरे नव्याने मंजूर केली. योगायोग असा की त्याच संध्याकाळी दिल्लीत उपराष्ट्रपतिपदासाठी जगदीप धनखड यांचे अनपेक्षित नाव जाहीर झाले आणि वाहिन्यांवर पुन्हा ‘धक्कातंत्र’ हा शब्द फिरू लागला. नेरुळच्या घरात मात्र कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. आजोबांनी भावाला फोन लावला होता.

१९/
त्या रात्री त्यांनी नातीला दुसरे उत्तर दिले. “घटनेत त्या पदाला एका ओळीचीही जागा नाही. पण आज अर्धं मंत्रिमंडळ म्हणजे तोच एक माणूस होता. अनुच्छेद १६४ मध्ये आणखी एक वाक्य आहे : मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. त्यात पहिला, दुसरा असा भेद नाही. चांगल्या निर्णयात जेवढा वाटा, तेवढाच वाईटातही.”

२०/
मग त्यांनी तिच्या ओळखपत्राकडे बोट दाखवले. त्यावर नेरुळच्या त्या महाविद्यालयाचे नाव होते : रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. बॅरिस्टर रामराव आदिक कोण, हे तीन वर्षांत तिला कोणी सांगितले नव्हते, तिनेही विचारले नव्हते. १९८३ ते १९८५ या काळात, वसंतदादांच्या मंत्रिमंडळात, ते महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री होते. जासईला गोळीबार झाला तेव्हा तेच सरकार होते.

२१/
नात बराच वेळ गप्प होती. “मग हे नाव गळ्यात घालायचं की नाही?” आजोबा म्हणाले, “घाल. गोळीबाराचा हुकूम त्यांनी दिला असं मी म्हणत नाही. मीही त्याच सरकारचा पगार घेत होतो. पण घालताना ते कोण होते, एवढं माहीत असू दे.” गेली अडतीस वर्षे भावाशी बोलताना त्यांनी हे वाक्य टाळले होते.

२२/
५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर खुर्च्यांची अदलाबदल झाली : फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. पुन्हा तीच चर्चा रंगली, कोण उतरला आणि कोण चढला. या वेळी नेरुळच्या घरात प्रश्न नातीने विचारला नाही. तिने फक्त म्हटले, “आता बैठकीत कोणाच्या सहीवाचून अडतंय ते बघायचं.”

(धागा समाप्त)