डब्यातला लाल

मोटारीला पोचा पडला की गॅरेजात तो आधी ठोकून काढतात, पुट्टी भरतात, पॉलिश पेपर मारतात. ही झाली अंगमेहनत. खरी परीक्षा रंगाची. उन्हापावसानं गाडीचा मूळ रंग उतरलेला असतो. डब्यातला ताजा लाल तिथे लावला तर ठिगळ रस्त्यापलीकडूनही दिसतं. मग त्यात थेंबभर काळा, थेंबभर पिवळा घालत शेड जुळवायची. झेलम जिल्ह्यातल्या दीना गावी १९३४ साली जन्मलेला आणि फाळणीत गावाला मुकलेला संपूर्णसिंग कालरा, म्हणजे पुढचे गुलजार, तरुणपणी मुंबईत हेच काम करायचा. त्यात वाचायला सवड मिळायची म्हणे.

माझ्याकडे गुलजार निनावीच आले. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागलं की आम्ही वाड्यातली पोरं शीर्षकगीत बेंबीच्या देठापासून ओरडायचो. ते लिहिलंय कोणी, याच्याशी कुणाला देणंघेणं? आत आई भाकऱ्या थापताना 'बंदिनी'तलं नूतनचं गाणं गुणगुणायची. १९६३ च्या त्या गाण्यानं गीतकार म्हणून त्यांचं नाव झालं होतं. दोन्ही गाण्यांचा बाप एकच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

कॉलेजात 'इजाजत'ची कॅसेट मिळाली आणि मी पुरता वाहून गेलो. त्यांनी दिग्दर्शित केलेले सिनेमे शोधून पाहिले. श्रेयनामावल्या वाचू लागलो तसतशी गंमत उलगडत गेली. 'इजाजत' सुबोध घोषांच्या कथेवरून, 'मेरे अपने' तपन सिन्हांच्या 'आपनजन'वरून, 'खुशबू' शरच्चंद्रांवरून, 'लेकिन'च्या मुळाशी टागोर. मित्र म्हणायचे, याचं स्वतःचं काय? मला तर इथेच तो गॅरेजातला हात दिसतो. 'अंगूर' शेक्सपिअरचा खरा, पण त्यातली भांगेची भजी शेक्सपिअरच्या बापजन्मात कुणी तळली नसतील. संजीवकुमार आणि देवेन वर्मांची ती दुहेरी जोडी इतकी आपली वाटते की मूळ नाटकाची आठवणही होत नाही.

सगळंच जमलं असं नाही. चंद्राला त्यांनी इतकं राबवलंय की कधीकधी त्याला सुट्टी द्यावीशी वाटते. ऑस्कर, फाळके पुरस्कार, ज्ञानपीठ हे जगजाहीर आहे. मला जास्त अप्रूप वाटतं ते मराठीशी त्यांच्या देवाणघेवाणीचं. त्यांची 'त्रिवेणी' शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणली. पहिल्या दोन ओळींत पुरं झालेलं तिसरी ओळ येऊन फिरवून टाकते, असला अवघड मामला तो. आणि गुलजारांनी कुसुमाग्रजांच्या, म्हणजे तात्यासाहेबांच्या, कविता हिंदीत नेल्या.

ते पुस्तक मी मोठ्या हौसेनं वडिलांच्या हातात ठेवलं. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. चार-पाच कविता वाचून चष्मा काढत म्हणाले, "छान आहे रे. पण आपले तात्यासाहेब जरा लखनौला राहून आल्यासारखे वाटतात."