आणि पावसाळ्यात?

सातिवलीच्या गाळ्यात लेथ बंद करून बाबा माझ्या मोबाईलवर ‘लुन’ बघत होते. १९८७ साली सोव्हिएत नौदलात आलेलं, पाण्यालगत उडणारं अजस्र यान.

“पाण्यापासून जेमतेम काही मीटरवर. पंखाखालची हवा दाबली जाते, टोकाचे भोवरे आखडतात, ओढ घटते. पाठीवर सहा क्षेपणास्त्रं! रडारलाही लवकर दिसत नाही,” मी रंगात आलो होतो.

“आणि पावसाळ्यात?”

मी गप्प. उंच लाटांपुढेच त्याचं अडायचं. तसं एकच पूर्ण झालं. २०२० साली ते देर्बेंतच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं.

बाबांसाठी मी हिशेबाचं ॲप लिहिलं होतं. तेलकट बोटांना ते दाद देईना. ते वहीतच लिहीत राहिले, मी रागावलो. तेही मी शांत पाण्यावरच तपासलं होतं.